इकोचे दिवे

"पानी मारा दादा. सुकू देऊ नका."

कमळाकरने तांब्या कलता केला. पाण्याची बारीक धार इको गाडीच्या डाव्या हेडलाइटवरून उतरली आणि बुध्याच्या बोटांखालच्या काळ्या कागदातून पिवळट, ताकासारखं पाणी बाहेर आलं. ते बंपरवरून ओघळून अंगणात ठिबकायला लागलं.

"बघा, कसं निघतंय. ही नुसती वरची कातडी हाय. ही काढली की आत काच नवीच असते."

"काच नाय ती. प्लास्टिक हाय," कमळाकर म्हणाला.

"तेच ते. गॅरेजात बी समदे काचच बोलायचे."

बुध्या वरच्या वाडीचा. वैशाखऱ्याच्या डांबरी रस्त्यापासून वाडीपर्यंत चढाचा पाऊण तास. सकाळी सात वाजता तो अंगणात येऊन उभा राहिला तेव्हा कमळाकर दात घासत होता. बुध्याच्या हातात कापडी पिशवी होती. तिच्यात पाच नंबरांचे, पाण्यात भिजवून घासायचे पॉलिशकागद, चिकटपट्टीचं भेंडोळं, पॉलिशचा अर्धा डबा आणि पेपरात गुंडाळलेला लॅकरचा स्प्रे. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. "तुमी फकस्त गाडी सावलीत लावा," एवढंच म्हणून तो बादली शोधायला लागला. कमळाकरला नको म्हणायला कारण सापडलं नाही. दोन वर्षं तो एकच कारण वापरत आला होता, आणि बुध्या तेच घासून काढायला आला होता.

दिवे गेलेत. रात्री गाडी काढत नाय.

सगळ्या गावाला हे वाक्य पाठ होतं. वैशाखरे ते टोकावडे आणि तिथून मुरबाड, अशा फेऱ्या मारून कमळाकरला बावीस वर्षं झाली होती. आधी जीप, मग ही इको. एक्कावन्न वर्षांच्या या माणसाच्या नावावर एक साधा अपघातही नव्हता. शाळेच्या बाई, बाजाराला जाणाऱ्या म्हाताऱ्या, लेकीला पहिल्या बाळंतपणाला आणणारे बाप, सगळे त्याच्या गाडीची वाट बघत थांबत. एसटी समोरून निघून गेली तरी थांबत. आणि रात्री कुणाला साप चावला, कुणाच्या छातीत दुखलं, की दार त्याचंच वाजायचं.

दोन वर्षांपूर्वी मुरबाडला डोळे तपासणीचं शिबिर होतं. वाचायचा चष्मा मिळेल म्हणून तो गेला. डॉक्टरबाईंनी त्याला अंधाऱ्या खोलीत बसवलं, डोळ्यांत थेंब घातले, बराच वेळ पाहिलं आणि घरात कुणाला रात्री कमी दिसतं का ते विचारलं. कमळाकरला वडील आठवले. शेवटची काही वर्षं दिवेलागणीनंतर ते भिंतीला हात लावून चालत. म्हातारपण, असं सगळे म्हणत. डॉक्टरबाई म्हणाल्या, हा पडद्याचा आजार आहे. मोतीबिंदू नाही, त्यामुळे ऑपरेशन नाही. दिवसा अजून चालेल, दर सहा महिन्यांनी दाखवायला या. पण अंधार पडल्यावर स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

त्यांनी लिहून दिलेला कागद त्याने गाडीच्या पेपरांच्या पिशवीत सगळ्यांत खाली ठेवला आणि कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? रातांधळ्याच्या गाडीत दिवसा तरी कोण बसेल? त्याला दुसरं काही येत नव्हतं. भाताची दोन खाचरं होती, ती त्याची बायको कविता बघायची. गाडीचे दिवे तेव्हा जरासे पिवळे झाले होते, तेवढे सगळ्यांच्याच गाड्यांचे होतात. पासिंगच्या आधी टूथपेस्टने घासले की आठवडाभर बरे दिसत. त्याने ते आयतं कारण उचललं. पाच वाजता शेवटची फेरी आटोपायची आणि गाडी अंगणात लावायची. हळूहळू लोक रात्री दार वाजवायचे थांबले.

एक बुध्या सोडून.

गेल्या वर्षी भाद्रपदात तानीला अवेळी कळा सुरू झाल्या. तानी म्हणजे बुध्याची बायको; पहिलीच खेप. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन कल्याणला गेलेली. बुध्या पावसात धावत वाडी उतरून आला. कमळाकर दारात उभा राहून म्हणाला, "दिवे गेलेत रे. एवढ्या पावसात, एवढ्या अंधारात... गाडी खड्ड्यात घालीन मी. तिघं मरू." बुध्या हात जोडून उभा होता, आणि कमळाकरला त्याचा चेहरा नीट दिसतही नव्हता, नुसता हलणारा काळा आकार. तांबडं फुटताना दुधाचा टेम्पो मिळाला. तानी वाचली. मुलगी झाली होती, ती वाचली नाही.

बुध्याने त्याला कधी बोल लावला नाही. बाराव्याच्या दिवशी रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "तुमी तरी काय करनार दादा. दिवेच नाय तर." आणि त्या दिवाळीनंतर वाडीतले सगळे वीटभट्टीवर गेले तेव्हा हा एकटा कल्याणजवळच्या एका रंगाच्या गॅरेजात कामाला लागला. तिथे त्याने हे शिकून घेतलं.

आता कार्तिक होता. भातं झोडून झाली होती, वाडी पुन्हा रिकामी झाली होती. बुध्या या वर्षी गेला नव्हता. तानीला पुन्हा दिवस भरत आले होते. वाडीत तिला उचलून रस्त्यापर्यंत आणायलासुद्धा कुणी नव्हतं. उरली होती तीन म्हातारी माणसं आणि कोंबड्या.

"काय कमळाकर! गाडीचा मोतीबिंदू काढतो काय?" रस्त्यावरून मोटारसायकल थांबवून शेखर ओरडला. तो शेजारच्या आळीतला, मुरबाडच्या कारखान्यात कामाला.

"बुध्या काढतोय."

"डाक्टर बुधाजीराव! माझ्या पन फटफटीचं बघ रे."

"रांगेत ऱ्हा," बुध्या मान वर न करता म्हणाला. शेखर हसत निघून गेला. मोतीबिंदू असता तर, असं कमळाकरच्या मनात येऊन गेलं.

आठशे नंबरचा कागद झाला. बुध्याने हजारचा काढला, बादलीत भिजवला आणि आता आडवं न घासता उभं घासायला लागला. प्रत्येक कागदाची दिशा वेगळी, म्हणजे आधीच्या कागदाचे ओरखडे राहिले की लगेच दिसतात, असं त्याने समजावून सांगितलं. घाई करायची नाही. कागद सोडून पुढच्या नंबरावर उडी मारायची नाही. गॅरेजात एक कारागीर होता, तो दीड हजारचा कागद चुकवायचा, आणि त्याच्या गाड्या महिन्याने परत यायच्या. सांगताना बुध्याच्या आवाजात त्या कारागिराबद्दल खराखुरा तिटकारा होता.

डावा दिवा दोन हजारपर्यंत पोचला तेव्हा कमळाकर वाकून बघायला लागला. पिवळा रंग गेला होता, पण पूर्ण काच उकडलेल्या अंड्यासारखी पांढरी आणि आंधळी झाली होती. आधी निदान बल्ब दिसायचा. आता तोही दिसेना.

"बिघडलं काय रे?" कमळाकरने विचारलं, आणि स्वतःच्या आवाजातली उत्सुकता त्याच्याच कानाला लागली.

बुध्या हसला. "समदे हेच इचारतात. एक गिऱ्हाईक तर मालकाची कॉलर धरायला गेलता. थांबा, पॉलिश होऊ द्या." तो उठला आणि उजव्या दिव्यापुढे उकिडवा बसला. त्याने साबणाच्या पाण्याने तो धुतला, फडक्याने पुसला, तोंड जवळ नेलं आणि बोटाचं नख काचेवरून हळूच फिरवलं.

"दादा, हे उन्हानं नाय झालं."

"म्हंजी?"

"ऊन खातं ते एकसारखं खातं. वरच्या अंगाला जास्ती, खाली कमी. हे गोल गोल वरखडे हायत. डाव्याला बी होते, मला वाटलं वाळू उडून झाले. पन नाय. हे कुनी घासलंय. तारेच्या घासनीनं."

कमळाकरच्या हातातला तांब्या रिकामा होता. तो भरायला तो बादलीकडे वळला.

तानीची मुलगी गेल्याची बातमी आली त्या सकाळी तो अंगणात आला होता. पाऊस थांबलेला, लख्ख ऊन पडलेलं, आणि त्या उन्हात इकोचे दिवे अगदी साधे, जरासे पिवळे दिसत होते. लोक येतील, बघतील, म्हणतील एवढ्या दिव्यांना काय झालं होतं? तो मोरीवर गेला, तारेची घासणी घेतली, राख घेतली, आणि दोन्ही दिवे हात दुखेपर्यंत घासले. मग बोळा रॉकेलमध्ये बुडवून फिरवला. दुपारपर्यंत त्याने सांगितलेली गोष्ट खरी झाली होती.

"मीच घासले," तो पाठमोरा म्हणाला. "पिवळं जावं म्हनून."

बुध्याने कपाळावर हात मारला. "अवं दादा! तारेची घासनी? ते काय भाताचं पातेलं हाय?" आणि तो खदखदून हसला. कमळाकरही हसला. हसणं भागच होतं. "आता ह्याला आठशेनं नाय भागायचं. चारशेपास्नं धरायला लागंल. मला इचारायचं तरी."

"तू तवा कुठं होतास," कमळाकर म्हणाला, आणि जीभ चावली.

बुध्याचं हसू ओसरलं. त्याने पिशवीत हात घातला आणि चारशेचा तुकडा शोधायला लागला.

कमळाकर चहा आणायच्या निमित्ताने घरात गेला. कविता चुलीपाशी बसून तांदळाची भाकरी थापत होती. तिने वर न बघता म्हटलं, "सांगून टाका त्याला."

"काय सांगू?"

"मला काय इचारता? दिवेलागनीला उंबऱ्याला ठेचकाळनारा मानूस माझ्याच घरात ऱ्हातो."

तो उभाच राहिला. "तुला कवापास्नं ठाव हाय?"

"तुमच्या बाबांचं ताट सरकवून हाताखाली देत होते ना मी? रोज रात्री. मला नाय कळायचं तर कुनाला कळंल." तिने भाकरी तव्यावर टाकली. "आनि माझी घासनी कुठं गेली ते पन मला ठाव हाय. मी इचारलं नाय. तुमी सांगाल म्हनून थांबले."

"सांगितलं तर उद्यापास्नं गाडीत कोन बसंल गो?"

"नाय बसले तर नाय बसले. ती तानी पुन्हा तुमच्या भरवशावर ऱ्हायली तर?"

बाहेरून बुध्याची हाक आली. पाणी हवं होतं. कमळाकर चहाचे कप घेऊन बाहेर गेला आणि पाणी ओतत राहिला.

दुपारी तानी आली. एका हाताने कंबर धरून, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी आणि सुकटीची चटणी. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, पायांना सूज आलेली. कविताने तिला ओट्यावर बसवलं आणि रागावली. "असा चढ-उतार करतात काय या दिवसांत? त्याला जेवाया मी नसतं घातलं?"

"बसून पाय जास्तच सुजतात काकी." तानी गाडीकडे बघत होती. "माझं तोंड कवा एवढं घासून दिलं नाय यानं. गाडीचं बघा कसं कुरवाळतो."

"तुझं तोंड पिवळं नाय पडलं," बुध्या म्हणाला.

"पडंल. तवा कागद कंचा लावशील?"

"दोन हजारचा. एकदम नाजूक."

कविता हसता हसता डोळ्यांना पदर लावायला आत गेली. मग कमळाकरकडे सरळ बघून तानीने विचारलं, "दादा, आता रात्री बी याल ना?"

उजव्या दिव्यावर बुध्याचा हात चालला होता, पण त्याची गती कमी झाली. कमळाकरला कळत होतं की हाच क्षण आहे. बोलायचं तर आत्ता, भर उन्हात, जेव्हा त्याला समोरच्या मुलीच्या कपाळावरचं गोंदण स्पष्ट दिसत होतं.

"येईन," तो म्हणाला.

तानीने मान हलवली, जणू एखादी वस्तू जागच्या जागी ठेवली. "मंग झालं," ती म्हणाली.

तीन वाजता बुध्याने पॉलिश काढलं. जुन्या बनियनच्या तुकड्यावर सुपारीएवढा गोळा घेऊन तो गोल गोल चोळायला लागला. पाच मिनिटं काही झालं नाही. मग पांढऱ्या काचेच्या मधोमध नाण्याएवढी जागा उघडली, तिच्यातून आतला चकचकीत पत्रा दिसला, आणि ती जागा वाढत वाढत कडेपर्यंत गेली. जुन्या फडक्याने पुसून बुध्या बाजूला झाला. काच मधे नाहीच असं वाटावं, इतकी ती स्वच्छ झाली होती. गाडीचं तोंड एकदम तरुण दिसायला लागलं. त्यामुळे इतर ठिकाणचे पोचे उगाच डोळ्यांत भरले.

कमळाकरने काचेला हात लावला. आतल्या बल्बची तार त्याला दिसली.

तिथे त्याला पहिल्यांदा आशा वाटली. ती खुळी होती हे त्याला त्याच वेळी ठाऊक होतं, तरी वाटली. डॉक्टरबाईंनी त्याला दहा-पंधरा मिनिटं पाहिलं होतं. त्यांना काय ठाऊक की तो कसल्या दिव्यांमागे बसून रात्रीचा रस्ता बघायचा? कदाचित दिवेच खराब असतील. आधीपासूनच असतील. दोन वर्षं तो गावाला जे खोटं सांगत होता ते खरंच निघावं, असं त्याला इतकं मनापासून वाटलं की त्याने बुध्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मस्त केलंस रे."

"अजून लॅकर बाकी हाय. लॅकर नाय मारला तर चार म्हयन्यांत पुन्हा पिवळं. काम अर्धं सोडायचं नाय."

त्याने बोनेटला आणि बंपरला पेपर चिकटवले, तोंडाला फडकं बांधलं आणि हातभर अंतरावरून तीन पातळ हात मारले. तानीला कविताने आत खाटेवर झोपवलं होतं. सावलीतून काढलेली गाडी उन्हात वाळत राहिली. कमळाकरने त्या दिवशीच्या सगळ्या फेऱ्या बुडवल्या होत्या आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं.

सहाला सूर्य डोंगराआड गेला. साडेसहाला पुरता अंधार पडला तेव्हा बुध्याने गाडी गोठ्याच्या भिंतीसमोर घ्यायला सांगितली आणि दिवे लावले. भिंतीवर दोन पांढरे चांद उमटले. गिलाव्यातल्या भेगा, खिळ्याला टांगलेलं दावं, पालीची शेपटी, सगळं दिसत होतं. कमळाकरला दिसत होतं. बुध्याने पेचकसाने उजवा चांद दोन बोटं खाली आणला आणि डाव्याच्या ओळीत बसवला.

"चला. टोकावड्याच्या अंगाला एक फेरी मारू. रस्त्यावर उजेड कसा पडतो ते बघायला पायजे."

"उद्या बघा की," कविता ओट्यावरून म्हणाली. "लॅकर वला हाय."

"वाळला काकी. हात लावून बघा."

ती खाली उतरली आणि कमळाकरच्या बाजूच्या दारावर हात ठेवून उभी राहिली. तो किल्ली लावत होता. ती वाकून इतकंच म्हणाली, "कोपऱ्यापर्यंत जा आनि परत या."

"आलोच," तो म्हणाला.

गल्ली त्याला पाठ होती. डांबरी रस्त्याला लागल्यावर त्याने गाडी डावीकडे वळवली आणि दिव्यांचा झोत पुढे पसरला. मधली पांढरी रेघ दिसली. कडेचा मैलाचा दगड दिसला, नव्हे, त्यावरचा आकडा दिसला. त्याने दुसरा गिअर टाकला, मग तिसरा. दोन वर्षांनी रात्रीचा गार वारा खिडकीतून त्याच्या कोपराला लागत होता. गवताचा वास येत होता. बुध्या पुढे झुकून दिव्यांकडे बघत होता, पोरं परीक्षेचा निकाल बघतात तसा.

"कसं हाय दादा?"

"लख्ख," कमळाकर म्हणाला.

वळणावर समोरून घाटाकडे जाणारी एसटी आली. तिच्या दिव्यांनी पुढची काच पूर्ण पांढरी झाली. एसटी गेली आणि पांढऱ्याच्या जागी काळं आलं. रेघ नाही, कड नाही, झाडं नाहीत. हे होईल हे त्याला ठाऊक होतं. क्षणात परत दिसेल, असं त्याने धरलं. त्याने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला नाही. बावीस वर्षांच्या सवयीने स्टिअरिंग सरळ धरलं आणि वाट बघत राहिला.

"दादा! दादा, मानूस!"

बुध्याने हँडब्रेक ओढला. गाडी तिरकी होऊन गचका खाऊन बंद पडली. कुणीतरी किंचाळलं, लाकडं खडखडत रस्त्यावर सांडली. दोन हातांवर, दिव्यांच्या झोतात, सकुबाई उभी होती. गावातली म्हातारी, लाकूडफाटा गोळा करून परतणारी.

"कोन रं तो मुडदा?" ती ओरडली. मग पुढे येऊन तिने आत डोकावलं. "कमळाकर? तू व्हय? अरं, एवढा दिव्याचा झोत माझ्या अंगावर, आनि मी दिसली नाय तुला?"

बुध्या खाली उतरला. त्याने सगळी लाकडं वेचून मोळी बांधली आणि तिच्या डोक्यावर दिली. ती पुटपुटत गेली. तिची पावलं ऐकू येईनाशी झाली तरी बुध्या दाराला धरून उभा होता.

"ती कडेला नव्हती दादा," तो अखेर म्हणाला. "मधी होती. उजेडात."

कमळाकरने दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले होते.

"तुमाला दिसली नाय."

"नाय."

"कवापास्नं?"

"दोन वर्सं झाली. डाक्टरबाई बोलली, इलाज नाय."

रातकिड्यांचा आवाज सुरू होता. बुध्याने श्वास घेतलेला कमळाकरला ऐकू आला. "त्या टायमाला बी मंग हेच होतं? दिव्यांचं काय नव्हतं?"

"दिव्यांचं काय नव्हतं."

दार लागलं. बुध्याची पावलं गाडीच्या मागच्या बाजूला गेली, मग ऐकू आली नाहीत. तो निघून गेला असेल, वाडीच्या पायवाटेला लागला असेल, असं कमळाकरला वाटलं. त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं; तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, होतं तरी त्याला दिसलं नसतं. किती वेळ गेला ते त्याला सांगता आलं नसतं. मग आवाज एकदम कानापाशी आला.

"उद्या आठ वाजता गाडी काढा. उजेडाची. माझी आते मुरबाडला दवाखान्याच्या मागं ऱ्हाते. तानीला तिथं सोडायची. मोकळी होईस्तोवर तिथंच ऱ्हाईल ती."

"सोडतो," कमळाकर म्हणाला. "आठला. बुध्या, मी..."

"आज रातची तुमच्याकडंच झोपंल ती. काकी हायत." त्याचा आवाज सपाट होता. "आता गाडी फिरवा. मी सांगतो तशी. मंग पयल्यात टाका आनि माझ्या मागं मागं या."

त्याच्या सांगण्यावरून कमळाकरने गाडी तीनदा मागे-पुढे करून फिरवली. मग बुध्या चालत पुढे झाला. दिव्यांचा झोत त्याच्या पाठीवर पडला. मळकट सदरा, खांद्यावर टाकलेलं बनियनचं फडकं, डांबरावर लांबच लांब पडलेली सावली. तो रस्त्याच्या मधून, ना हळू ना भरभर, चालत होता. कमळाकर त्या सदऱ्यावर नजर रोखून पहिल्या गिअरमध्ये त्याच्यामागे निघाला.

मागून मोटारसायकल आली आणि बुध्याच्या जोडीने हळू झाली. शेखर होता, कारखान्यातून सुटून येणारा.

"काय रे बुध्या? गाडी बंद पडली काय?"

"नाय," बुध्या चालता चालता म्हणाला. "दिवे बघतोय."

"कसे झाले?"

"बरे झाले."

शेखर पुढे निघून गेला. बुध्याने मागे वळून पाहिलं नाही. गावाच्या वळणावर तो आधी वळला आणि झोताबाहेर गेला, तसा कमळाकरने ब्रेक दाबला. इंजिन सुरू ठेवून, समोरच्या रिकाम्या उजेडाकडे बघत, तो सदरा पुन्हा दिसेपर्यंत तो तिथेच थांबून राहिला.